दिग्रस लाइनवरचं माझं ऑफिस

१ ऑगस्ट, सकाळी ८.१०
आजपासून मी माझाच मालक. विनाअनुदानित कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता केस पांढरे झाले, अनुदान काही आलं नाही. काल राजीनामा मंजूर. प्राचार्यांनी शाल दिली. ऑगस्टमध्ये शाल.

फ्रीलान्स अनुवादक. वेळ माझा, नियम माझे. दहा ते पाच काम, मग फिरणं, मग वाचन.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, तू पळ तर काढला नाहीस? नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही.

बायकोनं, सत्यशीलानं, शाळेत जाता जाता अट घातली. ती घरातही मुख्याध्यापिकेसारखी बोलते, कारण ती मुख्याध्यापिका आहे. दिवाळीपर्यंत कायमचं काम देणारं कोणी मिळालं तर ठीक, नाहीतर ढाणकीला तिच्या भावाच्या कृषी केंद्रात बसायचं. मी ताबडतोब मान्य केलं. दिवाळी फार लांब आहे.

१ ऑगस्ट, दुपारी
पुण्याच्या एजन्सीकडून काम आलंसुद्धा! फवारणी पंपाच्या माहितीपुस्तकाचा मराठी अनुवाद. राखी मॅडम म्हणून कोऑर्डिनेटर आहेत. काम वेळेत आणि चांगलं झालं तर इंटरव्ह्यू, इंटरव्ह्यू चांगला झाला तर कायमच्या पॅनलवर. ढाणकीचा प्रश्न मिटल्यातच जमा.

उद्यापासून सुरुवात. आज टेबलाची दिशा ठरवली.

४ ऑगस्ट
शेजारच्या पंचफुलाबाई सकाळी दारात. ‘संघदीपभाऊ, तुमी त आता घरीच असता ना?’ हो म्हणालो. खोटं कसं बोलायचं? त्यांचा सिलिंडर येणार होता, त्यांना लग्नाला जायचं होतं. एवढंसं काम. घेऊन ठेवला.

६ ऑगस्ट
सिलिंडरवाला आता आमच्या गल्लीत दुसरीकडे कुठे थांबतच नाही. सगळे माझ्याच व्हरांड्यात उतरवतो. माझी सही घेतो आणि ‘साहेब असले का टेन्शन नाही’ म्हणतो. मुलगी मैत्रेयी कॉलेजातून आली तेव्हा तिला आत यायला वाट नव्हती.

अनुवाद: प्रस्तावनेचं पहिलं वाक्य. तीन पर्याय लिहिले. तिन्ही चांगले आहेत, हीच अडचण.

८ ऑगस्ट
दारावर पाटी लावली: ‘कामात आहे. कृपया त्रास देऊ नये.’ अक्षर सुंदर आलं. पंचफुलाबाईंनी पाटी मोठ्यानं वाचली, मग कडी वाजवली. म्हणाल्या, ‘तुमी कामात हाय म्हणून जास्त बसत नाही. नातीचं आधार अपडेट कराचं हाय, मोबाईलवर होते म्हणतात.’ झालं. दुपारपर्यंत झालं.

निदान सापडलं. दोष लोकांचा नाही. जो माणूस सकाळी डबा घेऊन बाहेर पडत नाही, तो या गावाच्या लेखी रिकामा. उपाय उघड आहे.

११ ऑगस्ट, सकाळी
इस्त्रीचा शर्ट, डबा, लॅपटॉपची बॅग. दहाच्या ठोक्याला घराबाहेर. पंचफुलाबाई चकित होऊन म्हणाल्या, ‘लागली का नोकरी?’ मी नुसता हसलो. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

कुठे जायचं ते ठरवलेलं नव्हतं.

११ ऑगस्ट, संध्याकाळी
वाचनालय चार वाजता उघडतं. हॉटेलात दोन चहांनंतर मालक टेबल पुसू लागला, मग माझ्या कोपरांसकट पुसू लागला. ऊन फार. दिग्रसला सवाऱ्या नेणाऱ्या जीप लागतात तिथे एक रिकामी जीप सावलीत उभी होती. टेकू का म्हणून विचारलं. ड्रायव्हर धरमसिंग, लमाण तांड्यावरचा, मिशीवाला. ‘बसा न सर! आपलीच गाडी हाय. पाह्यजे तितका वेळ बसा.’

काय हा शिक्षणाबद्दलचा आदर!

आदर्श जागा. वारा आहे, शेजारी कोणी नाही, सिलिंडर नाही. लिहायला सुरुवात केली. पण थोड्या वेळात एकेक माणूस येऊन बसू लागला. जीप भरली तशी धरमसिंग अदबीनं म्हणाला, ‘सर, तुमी आता मागच्या गाडीत बसा. ते रिकामी हाय.’ मला शांतता लागते हे न सांगता ओळखलं. मागच्या गाडीत गेलो. मग तीही भरली. दिवसभरात बऱ्याच गाड्या बदलल्या. रोज नवं ऑफिस! पुण्यात लोक यासाठी पैसे मोजतात म्हणे.

१३ ऑगस्ट
रात्री मनाला टोचणी. गरीब ड्रायव्हरांची जागा मी फुकट वापरतोय. हे शोषण नाही का? सकाळी धरमसिंगपुढे भाड्याचा विषय काढला. त्यानं जीभ चावली. ‘पाप लागन सर मले!’ उलट चहा पाजला. आता कट चहा रोजचाच झाला आहे, बिस्कीटसुद्धा.

आणि म्हणे माणुसकी राहिली नाही.

१९ ऑगस्ट
धरमसिंग माझ्या कामात रस घेतो. आज म्हणाला, ‘सर, मधातल्या शीटवर बसा, बाहेरून दिसलं पाह्यजे.’ उजेडाचा विचार केला त्यानं. मग म्हणाला, ‘ते लॅपटॉप बंद करून बॅग मांडीवर घ्या न. आन् मधामधात घड्याळ पाहत जा.’

विचार केला आणि पटलं. माझा वेळ नुसता वाहून जातो. एका जीप ड्रायव्हरनं मला वेळेचं नियोजन शिकवावं! दिवसभर घड्याळ पाहिलं. लॅपटॉप बंद असल्यामुळे लिहिणं झालं नाही, पण वेळेची जाणीव तीव्र झाली.

२५ ऑगस्ट
लोक मला विचारतात, ‘सर, कधी निघते?’ मला ठाऊक नसताना सांगणं योग्य नाही. म्हणून मी म्हणतो, ‘धरमसिंग म्हणतात, निघूनच राह्यली.’ हे अक्षरशः खरं आहे. धरमसिंग दिवसभर तेवढंच म्हणतो.

राखी मॅडमचा फोन. अर्धं झालं का? झाल्यासारखंच आहे म्हणालो. प्रस्तावना संपत आली आहे.

२ सप्टेंबर
आज स्टँडवर माझ्यावरून भांडण. पुसद लाइनचा ड्रायव्हर म्हणे, ‘सरले आज आमच्याकडं बसू दे, तुमी रोज नेता.’ धरमसिंग म्हणाला, ‘सर आमच्या लाइनचे हायत.’ दोघांची समजूत मीच घातली: सकाळी दिग्रस, दुपारून पुसद. मार्केटमध्ये मागणी निर्माण होणं यालाच म्हणतात. पुसदवाल्यानं बसायला गादी दिली.

१२ सप्टेंबर
घरी विचित्र प्रसंग. सत्यशीलाच्या शाळेतल्या कोकिळा मॅडमनी तिच्याकडे तक्रार केली. ‘तुमचे मिस्टर बॅग घेऊन बसलेले, घड्याळ पाहून राह्यले, म्हणून मी बिनधास्त बसली. तासभर गाडी हालली नाही. अन् हालली तेव्हा हे उतरून गेले!’

सत्यशीलानं विचारलं, तुम्ही जीपमध्ये कायले बसता? मी ऑफिसची कल्पना समजावली. ती आधी गंभीर होती. मग पदर तोंडाला लावला. मग भिंतीला टेकली. मैत्रेयी धावत आली, तिलाही सांगितलं, मग दोघी. शेवटी डोळे पुसत म्हणाली, ‘अहो, रिकाम्या गाडीत कोणी बसत नाही, म्हणून तुमाले बसवते तो. वावरातल्या बुजगावण्यानं पाखरं पळतात, तुमच्यानं येतात. एवढाच फरक.’

सत्यशीला हुशार आहे, पण माणसांवर विश्वास कमी.

१३ सप्टेंबर
तरी शहानिशा करणं माझं कर्तव्य. धरमसिंगला सरळच विचारलं, मी बसतो म्हणून गाडी भरते का? तो हात जोडून म्हणाला, ‘तुमचा पायगुण हाय सर.’

म्हणजे श्रद्धा आहे. फसवणूक नाही. श्रद्धा मला मान्य नाही, बाबासाहेबांचं वाचून वाढलो आहे. तसं त्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि बॅग मांडीवर घ्या म्हणाला.

२६ सप्टेंबर
अनुवाद पाठवला! मुदत दोनदा वाढवून घेतली, पण पाठवला. शेवटची प्रकरणं पहाटे व्हरांड्यात बसून केली, सिलिंडरवर लॅपटॉप ठेवून. उंची अगदी योग्य येते. हा शोध उशिरा लागला.

राखी मॅडम म्हणाल्या, उशीर झाला, पण भाषा चांगली आहे. आमचे सर इंटरव्ह्यू घेतील. व्हिडिओवर, तीन तारखेला, अकरा वाजता. सत्यशीलाला सांगितलं. ती हसली नाही. ‘नीट द्या,’ म्हणाली, आणि माझा निळा शर्ट स्वतः इस्त्री करायला घेतला. मलाच भरून आलं. ढाणकीला जायचं नाही मला. इतकं नक्की वाटतं की लिहून ठेवतो.

२ ऑक्टोबर
इंटरव्ह्यू कुठून द्यावा? घर अशक्य: पंचफुलाबाईंकडे पाहुणे, मध्येच कडी वाजणार. धरमसिंगला विश्वासात घेतलं. त्यानं छातीवर हात ठेवला. ‘उद्या गाडी जागची हालत नाही सर. माहा शब्द.’

नेटवर्क त्या कोपऱ्यात उत्तम आहे. निश्चिंत.

३ ऑक्टोबर, संध्याकाळी
जमेल तसं लिहितो.

निळा शर्ट, टाय. मधली सीट. अकरा वाजता स्क्रीनवर राखी मॅडम आणि त्यांचे साहेब. साहेब म्हणाले, आपलं ऑफिस प्रशस्त दिसतंय. मी म्हणालो, फिरतं आहे.

आज बाजाराचा दिवस होता, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. टाय लावलेला माणूस आणि मोबाईलवर इंग्रजी. लोकांना वाटलं, असा माणूस बसला म्हणजे गाडी सुटलीच. जीप इतक्या वेगानं कधी भरली नव्हती. माझ्या उजवीकडे बिजलीबाई नावाच्या आजी टोपलीत कोंबडी घेऊन, डावीकडे दोघं, मागे किती ते कळलं नाही. लोक ओरडू लागले, ‘चाल न रे धरमसिंग!’ मी खुणा केल्या. धरमसिंगनं आरशात माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत खरी वेदना होती. मग त्यानं गाडी सुरू केली. भरलेली गाडी थांबवणं त्याच्या रक्तातच नाही.

उतरता येईना. साहेब विचारत होते, ऑफिस हलतंय का? मी म्हणालो, तेच, फिरतं.

पुढचा प्रश्न नेहमीचा: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मी उत्तर पाठ केलं होतं. पण बिजलीबाई स्क्रीनमध्ये वाकल्या आणि म्हणाल्या, ‘कुठी जाते बापा हे? रोज इथंच बसून रायते.’ राखी मॅडमनी तोंडावर हात धरला. साहेबांनी विचारलं, या कोण? बिजलीबाईंनी त्यांनाच विचारलं, ‘तुमी कोन गावचे?’

गाव सुटलं तसं नेटवर्क गेलं. साहेबांचा चेहरा अर्धवट हसू अडकून तसाच राहिला. तो बराच वेळ पाहत बसलो.

दिग्रसला उतरलो. धरमसिंगनं भाडं घेतलं नाही. परतीचंही नाही.

६ ऑक्टोबर
काल मेल आला. आभार, शुभेच्छा, भविष्यात संधी आल्यास. मराठीत आहे आणि त्यात दोन चुका आहेत. दुरुस्त करून परत पाठवावा का? रात्रभर विचार करून पाठवला नाही. हा माझा मोठेपणा.

सत्यशीलानं मेल वाचला. निळा शर्ट घडी करून बॅगेत ठेवला. प्रवासाच्या बॅगेत.

१० ऑक्टोबर
स्टँडवर थोडा बदल जाणवतो. लोक जीपमध्ये डोकावतात, मला पाहतात आणि विचारतात, ‘सर, आज खरंच जाता का?’ माझी एवढी चौकशी! नाही म्हणालो की पुढे निघून जातात. धरमसिंग आज म्हणाला, ‘सर, तुमी दमता. आठ दिवस घरीच करा न काम.’ तब्येतीची काळजी करणारा माणूस विरळा. गादी पुसदवाल्यानं परत नेली. धुवायला असेल.

२४ ऑक्टोबर
भाऊबीज झाली. ढाणकीहून भीमराज आला होता, सत्यशीलाचा धाकटा भाऊ. मी स्पष्ट सांगितलं, मला बियाणं कळत नाही, खत कळत नाही, हिशेब जमत नाही. तो म्हणाला, ‘भाऊजी, तुमाले काहीच करा लागत नाही. नुसतं खुर्चीवर बसून राहायचं. माणूस दिसला का गिऱ्हाईक येते. ताई म्हणे, तुमाले अनुभव हाय.’

सत्यशीला लगबगीनं स्वयंपाकघरात गेली. आतून खोकल्याचा आवाज आला. खोकलाच असावा.

विचार केला. ढाणकीतही लॅपटॉप चालतो. गिऱ्हाईक नसताना अनुवाद करता येईल. म्हणजे हे एका अर्थी ऑफिसच. मंगळवारी निघतो म्हणालो.

२८ ऑक्टोबर, सकाळी ९.३०
बॅग, डबा, निळा शर्ट. आधी दिग्रस, तिथून पुढे पुसद, उमरखेड, ढाणकी. पुसदची थेट जीपही दिग्रसवरूनच जाते, पण मी दिग्रस लाइनचा माणूस. सत्यशीला फाटकापर्यंत आली. म्हणाली, ‘रविवारी या.’ डोळ्यांत पाणी होतं. आज हसण्याचं नव्हतं.

२८ ऑक्टोबर, दुपारी १.१५, जीपमध्येच
धरमसिंगला सांगितलं, आज मी खरा पॅसेंजर. तो हेलावला. मधली सीट दिली. बॅग सवयीनं मांडीवर घेतली, घड्याळ पाहिलं.

कोणी बसेना. लोक येतात, मला पाहतात, एकमेकांना ढोसतात आणि पुसदच्या गाडीकडे जातात. कोकिळा मॅडम आल्या, थबकल्या, ‘सर बसले हायत, मंग काही जात नाही हे,’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेल्या. मी खिडकीतून ओरडून सांगितलं की आज मी खरंच जातोय. बाकावरचे लोक समजूतदारपणे हसले.

भीमराजचा फोन: कुठवर आले? तोंडातून आपोआप निघालं, ‘निघूनच राह्यलो.’

२८ ऑक्टोबर, संध्याकाळी, घरी
दोनच्या सुमारास धरमसिंग जवळ आला. मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, ‘सर, राग नका मानू. जरासे उतरा आन् त्या टपरीमागं उभे राहा. कोनाले दिसू नका. गाडी भरली का आवाज देतो.’

टपरीमागे उभा राहिलो. खरोखर, गाडी भराभर भरली. इतकी भरली की मला जागा उरली नाही. आवाज द्यायचं तो विसरला, किंवा धीर झाला नसेल. मी दुसरं मानतो. धूळ बसल्यावर टपरीवाल्यानं चहा दिला. त्याचे पैसे मात्र घेतले.

फाटकाशी पंचफुलाबाई भेटल्या. हातातली बॅग पाहून म्हणाल्या, ‘आले का भाऊ परत? बरं झालं. उद्या घरीच असता ना? सिलिंडर येनार हाय.’

हो म्हणालो. ढाणकीला परवा निघेन. उद्या व्हरांड्यात बसावंच लागेल, आणि सिलिंडर आले म्हणजे लॅपटॉपला उंचीही बरोबर येते.