या घरातून त्या घरात

मी, ॲनिस शोरॉक, कै. जोसेफ व कै. एलेन शोरॉक यांची मुलगी, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, कापडगिरणीतील निवृत्त विणकर, राहणार विणकर आळी, थॉर्नक्लफ, लँकशायर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. कान गेले आहेत, पण ते मागांच्या खडखडाटात गेले. त्याचा अकलेशी संबंध नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि तो देताना ते उगाचच ओरडून बोलत होते.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. माझा धाकटा भाऊ हॅरोल्ड लढाईवर निघाला तेव्हा आम्ही दोघांनी सगळे एकमेकांच्या नावे केले होते. तो वाळवंटातून परत आला नाही. तरी ते कागद मी इतकी वर्षे तसेच ठेवले, कारण त्याचे नाव खोडून तिथे कोणाचे घालायचे हेच कळत नव्हते.

कॅटलो वकिलांनी एका पानाचा नीटनेटका मसुदा करून आणला होता. तो मी वाचला. त्यात घर होते, पैसे होते, मी कुठे नव्हते. म्हणून हे माझ्या हाताने लिहीत आहे. कॅटलो भला माणूस आहे, पण त्याला सगळ्याची घाई असते.

कलम पहिले. मला वरच्या चॅपलच्या आवारात आईवडिलांच्या शेजारी पुरावे. नंतरच्या चहाला उकडलेले हॅम असावे आणि ते जाड कापलेले असावे. माझ्या आईच्या मयतीला मिसेस बिबीने सगळ्यांसमोर हॅमचा काप उजेडात धरून पाहिला होता. ती अजून ठणठणीत आहे आणि नक्की येईल. तिला दोन काप वाढावेत. बाकी फार माणसे येतील असे मला वाटत नाही, तेव्हा उगाच जास्त मागवून वाया घालवू नये.

कलम दुसरे. आठवड्यातून दोनदा माझे घर आवरायला येणारी डोरीन हार्गर हिला माझे शिवणयंत्र, रेडिओ आणि निळ्या ताटांसकट भिंतीचे कपाट द्यावे. ती बडबडी आहे. मला त्यातले निम्मेसुद्धा ऐकू येत नाही, पण घरात कोणाची तरी तोंडाची हालचाल दिसते, तेवढ्यावर माझा आठवडा निघतो.

कलम तिसरे. बँकेतले जे काही असेल ते मयतीचा खर्च वजा जाता चॅपलच्या छपरासाठी द्यावे. रंगासाठी देऊ नये. मागच्या वेळी छपराचे म्हणून गोळा केले आणि दाराला हिरवा रंग लावला.

कलम चौथे, म्हणजे घराचे. हे लांबणार आहे.

हे घर माझ्या पणजोबांचे, एबल शोरॉक यांचे. वरच्या मजल्यावर त्यांचा हातमाग होता. त्यांना तीन मुलगे: जॉन, म्हणजे माझे आजोबा, इनॉक, आणि सर्वांत धाकटा जेबेझ. गिरणी बंद पडल्यावर माझ्या हाताला काम उरले नाही, तेव्हा मी या तिघांचा वंश शोधायला घेतला. लोकांना वाटले म्हातारीला छंद लागला. छंद कसला, मी माणूस शोधत होते. हे घर घेईल आणि कधी रविवारी येऊन बसेल असे आपल्या रक्ताचे कोणीतरी.

जॉनच्या फांदीवर मी एकटी आहे. माझी आत्या बोल्टनला दिली होती. तिच्या एकुलत्या मुलाने कबुतरे पाळली आणि लग्न केले नाही. तो गेला तेव्हा मला कळवणारेही कोणी नव्हते. त्याच्या शेजारणीने महिन्याने कळवले.

इनॉकच्या बाबतीत मी बरीच वर्षे फसले. चॅपलच्या आवारात त्याचे थडगे आहे, वयाच्या दुसऱ्या वर्षी वारला असे त्यावर कोरलेले आहे, म्हणून मी ती फांदी सोडून दिली होती. मग एकदा तिथेच गवत काढताना मला आपल्याच घरची रीत आठवली. आमच्याकडे मूल गेले की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत. नाव घरातच राहावे म्हणून. माझी स्वतःची ॲनिस नावाची बहीण माझ्याआधी गेली होती. आणि एवढे असून हे मला सुचू नये! दुसरा इनॉक जगला, वाढला आणि अमेरिकेत गिरणीकामाला गेला. त्याचे दोन नातू दोन लढायांत गेले. एक पणती सापडली. तिला मी तीनदा लिहिले. तिने नाताळला तिच्या कुत्र्याचा फोटो पाठवला आणि मागे लिहिले की जुन्या गोष्टींत तिला गोडी नाही. फोटो मी आरशाला खोचून ठेवला आहे. कुत्रा छान आहे.

राहिला जेबेझ. त्याचा वंश शोधायला मला घराबाहेर पडायची गरज नव्हती. तो समोरच्या चढावर राहतो. माझ्या खिडकीतून त्यांचे दार दिसते.

कलम पाचवे. आजोबांच्या तरुणपणी मोठा संप झाला होता. साऱ्या खोऱ्यात एक माग हलत नव्हता. जेबेझच्या घरी पोरे भुकेली होती, आणि तो एका पहाटे मागच्या दाराने कामावर गेला. संप पुढे मोडलाच, जेबेझ गेला नसता तरी मोडला असता. पण माझ्या आजोबांनी बायबलवर हात ठेवून सांगितले की या घरातून त्या घरात यापुढे एक शब्द जाणार नाही. त्यांनी पाळले, माझ्या वडिलांनी पाळले. ती माणसे खालच्या चॅपलला जाऊ लागली. आम्हा पोरांना चालायला शिकवण्याआधी रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालायचे ते शिकवले होते.

जेबेझची नात झिला. माझ्याहून थोडी लहान. आम्ही दोघी शाळा सुटल्यावर गिरणीत लागलो आणि मुकादमाने, त्याला आमच्या घरांची भानगड ठाऊक नसल्यामुळे, आम्हाला शेजारशेजारचे माग दिले.

मागशाळेत बोललेले ऐकू येत नाही. तिथे सगळ्याजणी आवाज न काढता, ओठ मोठे करून, हातांनी खुणा करून बोलतात, आणि ते इतके सवयीचे होते की शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याची गाऱ्हाणी सांगू शकते. पहिल्याच आठवड्यात माझ्या मागावर मागच्या बाजूला ताण्याचा धागा तुटला. मला दिसला नाही. झिलाने ओठांनी सांगितले. मी ओठांनी आभार मानले. घरी जाताना मला धडकी भरली होती. मग विचार केला, शब्द गेला कुठे? आवाज तर निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी झिलाने मला नेमके हेच सांगितले. दोघींनी एकाच रात्री एकच पळवाट शोधली होती.

त्यानंतर गिरणी चालू होती तोवर आम्ही रोज बोललो. तिचे लग्न ठरले ते तिने आईच्या आधी मला सांगितले. तिचे पहिले मूल मेलेलेच जन्मले, त्यानंतर ती कामावर आली तेव्हा धोटा बदलता बदलता ती रडत होती आणि सांगत होती, आणि मी माझे माग सांभाळून तिचेही पाहत होते. क्लिफर्ड लीव्हरला मी आईच्या आजारपणापायी लग्नाला नाही म्हटले, हे जगात फक्त तिला माहीत आहे. हॅरोल्ड गेल्याची तार आली तेव्हाही तिच्याशीच बोलले. पण संध्याकाळी इंजिन थांबले, शेडमध्ये शांतता झाली की आम्ही तोंडे मिटायचो. फाटकातून बाहेर पडायचो, ती त्या बाजूने, मी या बाजूने. एवढी माझी मैत्रीण, आणि तिचा आवाज कसा आहे हे मला माहीत नव्हते.

मग गिरणी बंद झाली. मालकांनी चांगले चालते माग घणाने फोडून भंगारात घातले. त्यांना मी माफ केलेले नाही आणि या कागदानेही करत नाही. त्यानंतरच्या सोमवारी झिला पावाच्या दुकानात माझ्या पुढे उभी होती. तिने मागे वळून पाहिले. तोंड उघडले. दुकानात इतके शांत होते की पाव कापल्याचा आवाज मला त्या कानांनीसुद्धा ऐकू आला. तिथे ओठ हलवणे म्हणजे सरळ बोलणेच झाले असते, आणि सगळी आळी बघत होती. तिने तोंड मिटले. मीही मिटले. शपथ घेणारे मातीत गेले होते, ऐकणारे गेले होते, आम्ही दोघी मात्र ती धरून बसलो. पंचवीस वर्षे होतील.

रोज सकाळी मी तिचा पडदा सरकलेला बघते. सरकला की मी माझा सरकवते. ती माझ्याकडे बघत असते का ते मला माहीत नाही. मला फार एकटे वाटते हे मी कधी कोणाला सांगितले नाही, आता सांगते.

कलम सहावे. म्हणून हे घर, त्यातल्या मागाच्या कात्रीसह आणि फणीत धागा ओवायच्या आकड्यासह, झिला पिलिंग हिला द्यावे.

कलम सातवे. हे आज दुपारी लिहिले आहे. याने कलम सहावे रद्द होते.

आज सह्यांसाठी कॅटलो आले. चॅपलचे कारभारी वॉल्टर नटॉल एक साक्षीदार, आणि दुसरी डोरीन, असे मी धरून चालले होते. कॅटलो म्हणाले, डोरीनला कलम दुसऱ्यात शिवणयंत्र मिळते, तिला सही करता येणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. मग ते म्हणाले, शेजारच्या कोणालाही बोलवू. आणि माझ्या तोंडून नाव गेले ते झिलाचे.

कॅटलोंनी चष्मा काढला. "मिस शोरॉक, तिने सही केली तर तिला या घरातली टाचणीसुद्धा मिळायची नाही."

"आणि नाही केली तर मी मेल्याशिवाय तिला यातलं काही कळायचं नाही," मी म्हटले. "ठरवू दे तिचं तिला."

डोरीनला मी पढवून पाठवले: घर तुझ्या नावे लिहिले आहे; घरी बसलीस तर तुझे; येऊन सही केलीस तर गेले. डोरीन सांगते की झिला बटाटे सोलत होती. तिने एवढेच विचारले की ती बसून राहिली तर घर खरेच तिचे का. डोरीन हो म्हणाली. मग तिने विचारले, "आणि तिची तब्येत कशी आहे?" उत्तर ऐकून न घेताच तिने सुरी खाली ठेवली.

ती घरातल्या सपाता घालूनच चढ उतरून आली. मी दार उघडले. दोघी उभ्या राहिलो. माझे ओठ हलेनात आणि तिचेही. शेवटी डोरीन वैतागली. "अहो, बोला की कोणीतरी. वकीलसाहेबांचा चहा गार होतोय."

"आले गं," झिला म्हणाली. "कुठे करायची सही?"

मी तो आवाज नाजूक असेल असे धरून चालले होते. तो जाडाभरडा आहे, आणि तीही बहिरी असल्यामुळे ती एवढ्या मोठ्याने बोलली की समोरची दोन दारे उघडली. मला प्रत्येक शब्द ऐकू आला. मी रडले. हे मृत्युपत्रात लिहायचे नसते असे कॅटलो म्हणतात.

तिला आत घेतले, खुर्ची दिली. म्हटले, "घर गेलं ना गं तुझं."

"जाऊ दे. तू मेल्यावर इथे येऊन मी कोणाशी बोलणार होते?"

मी तिला चहा ओतला.

आता हे घर आणि कलम सहाव्यातली अवजारे झिलाची नात कॅरल पिलिंग हिला द्यावीत. कायदा साक्षीदाराला आणि तिच्या नवऱ्याला अडवतो, नातीला अडवत नाही, हे कॅटलोंनी डोरीन निघण्यापूर्वीच मला सांगितले होते. झिलाला ते येताना माहीत नव्हते. मी मुद्दाम सांगू दिले नाही, कारण मला बघायचे होते. आत्ता हे तिला वाचून दाखवले तेव्हा तिने मला जे म्हटले ते चॅपलच्या कारभाऱ्यांसमोर लिहिता येत नाही.

तसेच, आजोबा जॉन शोरॉक यांची शपथ त्यांच्या फांदीवरची शेवटची म्हणून माझ्याकडे आली आहे. ती मी कोणालाही देत नाही. ती इथे संपली.

वरील सर्व माझ्या इच्छेने लिहिले, आणि दोन्ही साक्षीदार खोलीत हजर असताना सही केली.

ॲनिस शोरॉक

आम्हा दोघांसमोर ॲनिस शोरॉक यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. यातून आम्हाला काही मिळत नाही हे आम्हाला समजावून सांगितले आहे.

वॉल्टर नटॉल, चॅपलचे कारभारी, थॉर्नक्लफ

दुसऱ्या साक्षीदाराने आपले नाव, पत्ता आणि धंदा एवढेच लिहायचे असते. कॅटलोंनी तसे सांगितले होते. तिने जास्त लिहिले आहे. ते खोडू नये असे मी, ॲनिस, सांगते.

झिला पिलिंग, विणकर, राहणार समोरचा चढ. माहेर याच घरी.

थॉर्नक्लफ, ता. ९ नोव्हेंबर १९८७