विचार करायला लावणारी कादंबरी

३ मार्च
नोकरी लागली! वाचनालयासाठी कादंबऱ्या निवडायच्या. राहायला वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीत भरपूर ऊन. इथली रीत मजेशीर आहे: सगळे सभासद एका वेळी एकच कादंबरी वाचतात, आणि ती मी ठरवायची. सेक्रेटरीबाईंनी बजावलंय, हलकंफुलकं नको, विचार करायला लावणारं हवं. दादाला फोन केला तर जळफळला. खरं तर ही नोकरी त्यालाच शोभली असती. पुस्तक हातात घेतलं की संपवल्याशिवाय जेवायलासुद्धा उठत नाही तो.

१० मार्च
पहिली निवड नापास. म्हातारपणावरची इतकी सुंदर कादंबरी, आणि बसच्या कंडक्टरने ती तोंड वाकडं करून परत केली. म्हणे यात करून बघण्यासारखं काही नाही. इथे कादंबरीवर चर्चा करत नाहीत, तिच्यातला प्रश्न करून बघतात. मागे खरेपणावरची एक वाचून सगळे महिनाभर फक्त खरं बोलले, त्यात दोन संसार मोडले. हे सांगताना बेकरीवाला पोट धरून हसत होता. मला नाही हसू आलं.

१७ मार्च
डोकं फिरलं. म्हटलं, जड हवंय ना, घ्या. आता निवडलेल्या कादंबरीतला प्रश्न असा: ज्याची कोणीच दखल घेत नाही, तो माणूस असतो का? सेक्रेटरीबाईंनी पाठ थोपटली. कोणावर करून बघणार, मी विचारलं. नव्या माणसावर सोपं जातं, म्हणाल्या. मला चेष्टा वाटली.

२२ मार्च
बेकरीवाल्याने माझ्या मागच्या बाईला पाव दिला. मग तिच्या मागच्याला. मी ओरडले, कोणी मान वळवली नाही. सेक्रेटरीबाईंनी माझ्या खुर्चीवर पिशवी ठेवली. मी बसलेली होते. मांडीवर ठेवली.

२५ मार्च
कंडक्टर बसमध्ये चढू देत नाही. बोलत नाही, नुसता दार अडवतो. माझं सामान जिन्यात काढून ठेवलंय. आरशात परत परत बघते. दादाला फोन केला, रडले. उद्या न्यायला येतो म्हणाला.

२६ मार्च
दादा आला! धावत खाली गेले — सेक्रेटरीबाईंनी त्याला बसवलंय, बहीण येईलच म्हणाल्या, तोवर वाचायला दिलंय —

तीच कादंबरी.

हाका मारतेय. आधी म्हणाला, थांब जरा. मग नुसतं हं. आता तेही नाही. थोडीच पानं उरलीत —

मिटलं पुस्तक. बघितलं माझ्याकडे. नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे. सेक्रेटरीबाईंना विचारतोय, इथे कोणी माझी बहीण —

बाही धरलीये त्याची. झटकतोय. सोडणार नाही. दादा, मी इथे