एर्मेकनं पाठवलेला रुंद पाईप

७ ऑक्टोबर २००३
रशियाच्या बसनं आलं ते — गाडीच्या धुराड्याचा पाईप एक, लोकरी हातमोजे, चहाची दोन पुडकी. बसवाल्याला दोनशे सोम दिले. महागच! पण लेकानं येकातेरिनबुर्गहून बापाची आठवण ठेवली. चिठ्ठीत एकच ओळ — "आबा, नवा आहे, बसवून घ्या." अल्हम्दुलिल्लाह.

८ ऑक्टोबर
यांच्याबरोबर तोक्तोसून मिस्त्रीकडे गेले. त्यानं पाईप फिरवून फिरवून पाहिला.
"शेरअली, तुझं इंजिन दोन लिटरचं. त्याला पन्नास मिलिमीटरचा पुष्कळ. हा त्रेसष्टचा! फुंकणी अरुंद असते म्हणून निखारा फुलतो. एवढ्या रुंद नळीत धूर रेंगाळणार. चार सवाऱ्या घेऊन घाट चढताना गाडी मार खाईल."
"हाच बसव," हे म्हणाले.
"आवाज पोराटोरांच्या गाडीसारखा येईल. या वयात दुसरं लग्न करतोस की काय?"
मी हसले. हे नाही.

१२ ऑक्टोबर
मिस्त्रीचं खरं झालं. डोलोनच्या घाटात गाडी चढेना. सवाऱ्यांना उतरून चालावं लागलं. एक म्हातारी यांना म्हणाली म्हणे — "यापेक्षा गाढव बरं! ते ओरडतं, पण चढतं तरी!" सवाऱ्या तुटल्या तर हिवाळा काढायचा कसा? मी म्हटलं, जुना पन्नासचा परत लावा. तर — "लेकानं पाठवलेलं काढू?" असा हट्ट यांनी कधी केला नव्हता.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
हे पहाटेच्या नमाजाला बसले ते उठेचनात. मग म्हणाले, "आज तेल तापव." दर गुरुवारी पितरांच्या नावानं कणकेचे बोरसोक तळतेच मी, सांगावं लागत नाही. "कुणाच्या नावानं?" विचारलं. हे चटई गुंडाळत राहिले.

१७ ऑक्टोबर
हे नमाजाला मशिदीत गेले, तेवढ्यात मिस्त्रीला गाठलं. म्हटलं, यांना समजाव, तुझं ऐकतील. तो हातातला पाना पुसतच राहिला.
"वहिनी, पाईप नवा नाही. एर्मेकच्या गाडीचा आहे. तिचं इंजिन मोठं, म्हणून मीच एवढा रुंद घातला होता. सांधा माझ्या हातचा. शेरअलीनं बघताक्षणी ओळखला. 'हिला काही सांगू नकोस' म्हणाला."
चालत्या गाडीचा पाईप कोण काढतं? मग गुरुवारी यांनी तेल कुणासाठी तापवायला लावलं?

१८ ऑक्टोबर
मीच सांगून पन्नासचा लावून घेतला. काढलेला यांनी पुसून घरात आणला. पोस्टात पत्र टाकलं —
"बाळा, पाईप मापाचा नाही. गाडी मोडली असेल तर मोडू दे, कुणी रागावणार नाही. तू कसा आहेस ते उलट टपाली कळव. तूच लिही. दुसऱ्या कुणाचं पत्र मी उघडणार नाही."