सरांनी सांगितलेलं लग्न

३ फेब्रु.
जपानीची परीक्षा पास! क्लासमधली मैत्रीण नाझनीनही. दादाने पेढे आणले, आळीत स्वतः वाटत फिरला. "आमची सुजाता जपानला चालली, म्हाताऱ्यांच्या नर्सिंगला." आईला पेढा कुस्करून भरवला. अर्धांग झाल्यापासून उजवी बाजू लुळी, पण डाव्या गालाने हसली.

२० फेब्रु.
मुलाखत. दादा मुद्दाम रजा टाकून क्लासपर्यंत सोडायला आला. "घाबरू नको गो."
पडद्यावर तिथल्या वृद्धाश्रमाच्या मॅडम, माझ्या शेजारी आमचे सर, दुभाषी म्हणून. अंघोळ कशी घालाल, म्हातारी चिडली तर काय कराल? आईचं रोज करते तेच सांगितलं. मॅडम हसल्या. मग सरांना काहीतरी भराभर विचारलं. सरही तसेच भराभर बोलले. त्यात 'रायनेन' आलं. पुढच्या वर्षी. आणि 'केक्कोन'. लग्न.
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
कुणाचं लग्न? माझं? मला तर…
तोंडच उघडलं नाही. जपानीत नाही, मराठीतही नाही.

२१ फेब्रु.
नाझनीनची निवड झाली. माझी नाही. तिला मिठी मारली. मनापासून की कसं, माहीत नाही.
मग सरांना गाठलं. "सर, माझं लग्न कुठे ठरलंय?"
आधी म्हणाले, तुझा ऐकण्यात घोटाळा झाला.
"ऐकायच्या पेपरात वर्गात पहिली आलेय मी. तुम्हीच शिकवलंत."
चष्मा पुसत राहिले. "तुझ्या भावाचा फोन आला होता. म्हणाला, तिचं होऊ देऊ नका, पण तिला कळता कामा नये. घरचा मामला, मी काय करणार?"
दादा. काल सोडायला आला तोच.

२२ फेब्रु.
दादाने नाकारलं नाही. "माझी ड्युटी, वहिनी दिवसभर अंगणवाडीत. आईचं कोण करणार? लोकांच्या आयांचं करायला जातंस, नि आपली?"
"मग तोंडावर नको म्हणायचंस."
"म्हटलं असतं तर मी वाईट झालो असतो."
आईचं म्हणाला ते खोटं नाही. बसून बोललो असतो, काही वाट काढली असती. पण मग पेढे कशाला वाटलेस रे?

२४ फेब्रु.
आईच्या पाठीला पावडर लावताना विचारलं, "तुला ठाऊक होतं?" तिने तोंड भिंतीकडे केलं.
बोलता येत नाही, कबूल. मान हलवता येते की तिला.
कूस बदलून दिली. चादर नीट केली. बाहेर मोरीत जाऊन रडले.

२ मार्च
नाझनीन मांडवीहून घरी आली. अंगणातच हळू आवाजात म्हणाली, "जपानच्याच दुसऱ्या संस्थेची मुलाखत आहे. सरांना सांगितलंय, सुजाताला बसवलं नाहीत तर मीपण जायची नाही." वेडी आहे. तिच्या अब्बांना कळलं तर…

९ मार्च
झाली मुलाखत. सर बाजूला बसले होते, मध्ये एक शब्द बोलले नाहीत. शेवटी पलीकडच्या गृहस्थांनी थेट मलाच विचारलं, घरच्यांची संमती आहे ना?
"हाय," म्हटलं. हो.
सरांनी मान वर केली. मी पडद्याकडेच बघत राहिले.
निकाल कधी, सांगितलं नाही.
जेवताना दादा म्हणाला, "आज उशीर गो?" म्हटलं, "उजळणी होती." त्याने माझ्या ताटात माशाची तुकडी वाढली. खाल्ली मी.