नळ येईपर्यंत

१० मार्च, सोमवार

आजही टँकर नाही. सकाळपासून बेल थांबलेली नाही. चौथ्या मजल्यावरची रोशनी तान्ह्या मुलीला खांद्यावर टाकून दारात उभी — "काकी, एक बादली तरी." आमच्या पिंपातलं दिलं. सुधाकर नुसता बघत राहिला. नवरा असून टोमणा मारला नाही, हे उपकारच.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा तोच म्हणाला होता, सोसायटीची सेक्रेटरी हो, वेळ चांगला जाईल. जातोय.

नालासोपारा पश्चिमेला आलो तेव्हा बिल्डर म्हणाला होता, वर्षभरात नळ. बिल्डर गेला, बोर्ड गेला, इमारतीचा रंगही गेला. नळ आहेत घरोघर. त्यांतून टँकरचं पाणी येतं.

१४ मार्च, शुक्रवार

टँकर का बंद होते ते कळलं. विधानसभेत एक विधेयक आलंय. विहिरीचं पाणी उपसून विकायचं तर सरकारचा परवाना लागणार, आणि किनाऱ्याच्या पट्ट्यात तो मिळणारच नाही. म्हणून टँकरवाल्यांनी निषेधाला गाड्या उभ्या केल्या होत्या. आजपासून पुन्हा सुरू.

संध्याकाळी गच्चीवर मीटिंग. चेअरमन धनेशने मोबाईलवरून कलमं वाचून दाखवली. कोणाला काही समजलं नाही, पण शेवटी तो म्हणाला, "हे पास झालं की आपण कोरडे," ते सगळ्यांना समजलं. आमदारांची समिती पालघरला येऊन लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. सोसायटीतर्फे विरोधात कोण बोलणार?

"मॅडम, तुम्हीच. टीचरचं ऐकतात लोक."

वर्गातसुद्धा कोणी ऐकत नव्हतं. हो म्हणून आले.

१६ मार्च, रविवार

भुईगावला गेले, क्रिस्टीनाकडे. एकाच शाळेत आयुष्य काढलं आम्ही — ती गणिताला, मी मराठीला. निवृत्तीनंतर मी फ्लॅटमध्ये कुजतेय आणि ती वाडीत राबतेय, असं मी तिला नेहमी म्हणायचे. आज म्हटलं नाही.

केळीच्या पानांच्या कडा जळाल्यात. सोनचाफ्याला फूल नाही, नुसत्या काटक्या. मला वाटलं कीड.

"कीड कसली, वसू. मीठ."

चहा केला तिने. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. ती हसली. "आता बाटलीच्या पाण्याचा करते. हा मुद्दाम दिला तुला."

विहीर खारी झालीय. गेल्या वर्षी थोडी, यंदा पुरती. भिंतीपलीकडे तिच्या दिराची विहीर — बर्नार्डची. तिथे दिवसभर पंप चालू. एक टँकर भरून निघतो, दुसरा लागतो. इतकं ओढल्यावर खालून समुद्र आत येतो, असं ती शांतपणे सांगत होती. जणू फळ्यावर गणित सोडवतेय.

मी भिंतीवरून पाहिलं. टँकर निळा. मागे पिवळ्या अक्षरांत 'जय जवान'. ओळखीचा. आमच्याच गेटमधून आत येतो तो.

तिला सांगितलं. टँकरचं तिला माहीत होतं. मला पालघरला जायचंय, हेही सांगितलं.

"मी पण जाणारेय पालघरला," ती म्हणाली. "विधेयकाच्या बाजूने."

मी कशासाठी जाणार ते तिने विचारलं नाही. निघताना नेहमीसारखी केळी पिशवीत घातली नाहीत. नव्हतीच.

१७ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. टँकर वेळेवर आला.

२९ मार्च, शनिवार

बर्नार्ड स्वतः आला होता सोसायटीत, टँकरबरोबर. साठीचा माणूस, सदरा घामाने चिकटलेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुम्ही वहिनीच्या मैत्रीण. तुम्हाला वाटत असेल, भावाच्या बायकोची वाडी जाळतो हा."

मी गेटकडे पाहिलं, कोणी ऐकतंय का.

"माझी वाडी तिच्याआधी गेली. केळी उतरवायला माणूस मिळत नाही, फुलं विकायला दादरला कोण जाणार? पोरगा एरॉल आखातात, तो परत येणार नाही. मी पंप बंद केला तर शेजारचा चालू करील. बंद व्हायचे तर सगळ्यांचे व्हायला हवेत. कायद्यानं."

"मग तुम्ही विधेयकाच्या बाजूने आहात?"

"मी टँकरच्या बाजूने आहे," तो म्हणाला आणि पाईप लावायला गेला.

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. लिहायला सोपं.

६ एप्रिल, रविवार

भाषण लिहून काढलं. फाडलं. सुधाकर म्हणतो, "सोसायटीने पाठवलंय ना, मग सोसायटीचं बोल. स्वतःचं घरी बोल." तो बरोबर आहे. सगळेच बरोबर आहेत, त्याचाच कंटाळा आलाय.

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. दरवर्षी जाते तिच्याकडे जेवायला. यंदा तिचा फोन नाही. मीही केला नाही. दुपारी वांग्याचं भरीत केलं, सुधाकरला आवडलं.

२४ एप्रिल, गुरुवार

पालघर. हॉल गच्च, एसी बंद. टँकरवाले एका बाजूला, वाडीवाले दुसऱ्या, आमच्यासारखे सोसायटीवाले मधे. क्रिस्टीना माझ्या शेजारीच येऊन बसली. "तिकडे पंखा लागत नाही," एवढंच म्हणाली.

आधी तिचं नाव पुकारलं. उभी राहिली, कागद नाही काही नाही. "ज्यांच्याबद्दल बोलतेय ते माझे दीर आहेत. त्यांचं नाव घ्यायला मला आवडत नाही. पण साहेब, विहिरी दोन असल्या तरी खाली पाणी एकच आहे. ते त्यांचं नाही, माझंही नाही. मग विकतो कोण, आणि कोणाला विचारून?" खाली बसली. तिचा हात माझ्या खुर्चीच्या कडेवर टेकलेला. मी धरला नाही. माझं नाव पुकारलं होतं.

धनेश मागून बघत होता. रोशनीच्या मुलीचं तोंड डोळ्यांपुढे. बाजूला क्रिस्टीना.

म्हटलं, "कायदा हवा. विहिरी वाचायला हव्यात. पण आमच्याकडे नळाचं पाणी आलेलं नाही. ते येईपर्यंत टँकर थांबवू नका. म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही विरोधात की बाजूने?"

"दोन्ही."

हॉल हसला. अध्यक्ष हसले नाहीत. शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "हे घ्या लिहून. मुद्दा व्यवहार्य आहे."

बाहेर क्रिस्टीना रिक्षाची वाट बघत होती. "चांगलं बोललीस. कोणालाच दुखवलं नाहीस." मग रिक्षात बसताना — "पण नळ येईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, वसू?"

बरोबर येण्यासाठी रिक्षात जागा होती. मी मागे राहिले.

२५ एप्रिल, शुक्रवार

धनेश नाराज. "दोन्ही काय मॅडम, दोन्ही?"

१ जून, रविवार

ऊन तसंच. पाय सुजतात. डॉक्टर म्हणाल्या, जिने कमी करा. लिफ्ट बंद आहे हे त्यांना सांगितलं नाही.

१० जुलै, गुरुवार

विधेयक मंजूर. धनेश पेढे घेऊन वर आला. कायदा कडक आहे, पण समितीने त्यात एक पोटकलम घातलंय: ज्या वस्तीला सार्वजनिक नळाचा पुरवठा सुरू झालेला नाही, तिला पाणी देणारे चालू टँकर तो सुरू होईपर्यंत चालू राहतील. त्यांना आपोआप तात्पुरता परवाना.

"मॅडम, हे तुमचं वाक्य आहे. तुम्ही आम्हाला वाचवलंत."

खाली शाल आणि नारळ. टाळ्या. रोशनीने पाया पडायला मुलीला वाकवलं. मी हसले असेन. फोटोत तरी हसतेय.

म्हणजे निळा टँकर चालू राहणार. आता सरकारी परवान्यावर. काल तो कोणाला न विचारता उपसत होता, आज माझ्या वाक्यावर उपसणार.

१२ जुलै, शनिवार

धनेशला विचारलं, नळाची लाईन अडलीय कुठे? तो हसला. "मॅडम, भुईगावातच. मुख्य पाईप एका जागी वाड्यांमधून न्यावा लागतो. पाईपवरून झाड लावता येत नाही, खोदता येत नाही. जागा कोण देणार? गावातले सगळे नाही म्हणून बसलेत. दहा वर्षं तरी विसरा."

धनेश हे खुशीत सांगत होता की दुःखात, कळलं नाही. टँकर मिळाल्यावर त्याला नळाची घाई राहिलेली नाही.

क्रिस्टीनाला फोन लावला. वाजत राहिला.

३ ऑगस्ट, रविवार

पुन्हा लावला. उचलला. "पेपरात वाचलं," ती म्हणाली. मी म्हटलं, मला असं व्हायला नको होतं. ती म्हणाली, "हो, माहितेय." मग पाऊस, गुडघे, शाळेतल्या एका बाईंचं ऑपरेशन. दोघी नीट बोललो. अगदी अनोळखी माणसांसारखं.

पावसाने विहीर गोड झाली का, विचारायचं होतं. धीर झाला नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

सेक्रेटरीपद सोडलं. तब्येतीचं कारण दिलं. कोणी आग्रह केला नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

बाजारात क्रिस्टीनाची चुलत बहीण भेटली. म्हणाली, क्रिस्टीनाने वाडीची मधली सगळी झाडं तोडली. चाफासुद्धा. "ख्रिसमसच्या तोंडावर कोणी असं करतं का? विचारलं तर सांगत नाही."

मला वाटतं, वाडी विकायला काढली. इमारत होणार. त्यातल्या लोकांनाही टँकर लागेल.

नाताळच्या शुभेच्छा लिहून पाठवल्या. तिने एक मेणबत्तीचं चित्र पाठवलं. बाकी काही नाही.

१८ जानेवारी, रविवार

नळाला पाणी आलं. टँकरचं नाही, खरं. गढूळ, मग स्वच्छ. सगळ्या मजल्यांवरून लोक ओरडत होते.

दुपारी बर्नार्डचा फोन. "बाई, तुमच्याकडे नळ सुरू झाला. माझा परवाना संपला. आज पंप बंद केला." आवाजात राग नव्हता. मग म्हणाला, "पाईप वहिनीच्या वाडीतून आलाय. जागा तिनेच दिली. मला सांगितलं नाही, गावाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं होतं का?"