सतरा नंबरचं जंगल

२ एप्रिल, सकाळी ८.१०
आजपासून रोज लिहिणार. चार वर्षं खपून मॉडेल तयार! आमच्या मिशिगनच्या पाइनच्या जंगलात कुठे तोड केली तर पन्नास वर्षांत कुठे काय उगवेल आणि वार्बलर पक्षी कुठे घरटी करतील, हे आता माझा कॉम्प्युटर सांगतो. हा पिवळ्या छातीचा पक्षी भारी नखरेल. सहा ते वीस वर्षांच्या जॅक पाइनखालीच, जमिनीवर घरटं करणार. झाड जून झालं की निघाले साहेब. म्हणून आम्ही जुनं तोडतो, नवं लावतो. यंदा कुठे, ते १४ मेच्या सभेत ठरेल. मॉडेल पटलं की माझी नोकरी कायम. आमचे प्रमुख गार्थ तसं म्हणाले. म्हणजे, हसले.

५ एप्रिल
यादीत जंगलाच्या कित्येक तुकड्यांपुढे झाडांच्या वयाचा रकाना रिकामा. आधीच्यांचा आळस, दुसरं काय! सगळीकडे शून्य भरलं. पाच मिनिटांचं काम.

९ एप्रिल
सतरा नंबरच्या तुकड्याने कमाल केली! दोनशे एकर. सहा वर्षांनी पक्षीच पक्षी. म्हणजे यंदा नवी लागवड नकोच.
डोलोरेसबाई सव्वीस वर्षं पहाटे उठून पक्षी मोजतात. म्हणाल्या, अरे वेस, यंदा लागवड चुकली तर पुढे त्यांनी घरटी काय तुझ्या टेबलाखाली करायची? सतरा नंबर डोळ्यांनी बघून तरी ये. मी म्हटलं, उपग्रहाचा फोटो आहे की. फेब्रुवारीतला. पांढरंशुभ्र, सपाट, एक झाड नाही. नुकतंच साफ केलेलं रान. बाई काहीतरी पुटपुटल्या.

२० एप्रिल
शनिवारी जाऊन येतोच.

२७ एप्रिल
गेलो नाही. चिखल. शिवाय मॉडेल मॉडेलनेच तपासणं जास्त शास्त्रीय.

१४ मे, संध्याकाळी
सभा. साठ माणसं, कॉफी, रुबार्ब पाय हा गोड पदार्थ. पडद्यावर नकाशा, मधोमध सतरा नंबर. मागून ऑर्विल नावाचे एक आजोबा उठले. म्हणाले, बाळा, हे तर मड लेक. कालच मी तिथे पाइक मासा धरला. तुझे पक्षी पोहतात का रे?
हॉल हसून लोटपोट.
तळ्यात झाडं नाहीत, म्हणून वयाचा रकाना रिकामा. मी शून्य भरलं. शून्य वय म्हणजे नुकतीच लावलेली रोपं, असं धरून कॉम्प्युटरने तळ्यात जंगल वाढवलं. फोटोतलं पांढरं म्हणजे बर्फ. मड लेकमध्येच मी पोहायला शिकलो. पण त्याला सतरा म्हणतात, हे मला कोण सांगणार?

१५ मे
अशी अकरा तळी निघाली. शिवाय एक पार्किंग. ती वगळली तर दहा वर्षांत पक्ष्यांची जागा निम्मी. माझं ऐकलं असतं तर लागवडच झाली नसती. शेवटी डोलोरेसबाईंनी हाताने लिहिलेली यादी मंजूर झाली. नोकरीचा विषय गार्थनी काढला नाही, मीही नाही. जूनमध्ये बाईंबरोबर गणतीला जा म्हणाले. अनुभव म्हणून ठीक.

१० जून, सकाळी ५.४०
डास. बूट ओले. ठेंगण्या पाइनमधून कुणीतरी मोठ्याने, खुशीत गात होतं. बाईंना विचारलं, हा कोण ओरडतोय?
बाई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, वेस, अरे तोच तो.
चार वर्षं मी त्याचं भविष्य सांगतोय. आवाज आज पहिल्यांदा ऐकला. फार लाज वाटली. बाईंनी वहीत एक रेघ ओढली आणि पुढे निघाल्या.