ढवळीच्या नावाखालचा ठिपका

भडगाव,
६ मे १९९०

चि. भाईदास यास,
मंजुळाअक्काचे अ. उ. आ.

आपली गंगी गाय गेली. ताप चढला, कानाखाली गाठी आल्या, डॉक्टरांनी सुया दिल्या, पण ती उठली नाही. तुझे दाजी गाडीवरून पडल्यापासून खाटेवरच आहेत. घर गाईंच्या दुधावर चाललंय, हे तुला सांगायला नको. आता दुभती अशी एकटी चंद्री उरली, आणि तिची कालवड छबी. दोघी गंगीसारख्याच जर्सीच्या, पण नव्या, म्हणून अंगणात लिंबाखाली बांधतो. गोठ्यात आता फक्त ढवळी, आईनं माझ्या लग्नात आंदण दिलेली.

तू सांगितलंस तसे ढवळीच्या आणि चंद्रीच्या कानातून काढलेले रक्ताचे थेंब टिपकागदावर वाळवून पाठवतेय. रक्ताचं पाकीट पोस्टमनच्या हातात देताना मला मेलीला हसूही येत होतं आणि रडूही. तुमच्या प्रयोगशाळेत काय कळायचं ते लवकर कळू दे. चंद्री गेली तर मी काय करू?

जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि आठवण काढत राहा.

तुझी
अक्का

*

भडगाव,
२१ मे १९९०

चि. भाईदास यास, अ. उ. आ.

ऊन मरणाचं आहे. लिंबाखाली चंद्री जीभ काढून धापा टाकत होती. शेवटी काल तिला नि छबीला गोठ्यात आणलं, गंगीच्या जागेवर, ढवळीच्या शेजारी. माझ्या सासऱ्यांचं, वना आबांचं, म्हणणं पडलं की ढवळी घरनी लक्ष्मी शे, तिले आजवर काही व्हयनं नही, तिना शेजारनीले बी काही व्हणार नही. मलाही ते पटलं. आईनं शिवलेली ढवळीची पोळ्याची झूल मी चंद्रीच्या पाठीवर घातली. तेवढाच आईचा हात फिरल्यासारखं झालं.

रक्त तपासायची ती तुझी फिल्म, तिचं काय झालं? सिनेमाच्या फिल्मा तरी शुक्रवारी लागतात. हसलास ना? मी मात्र आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

तुझी
अक्का

*

बंगळूर,
२४ मे १९९०

ती. अक्कास, भाईदासचा शि. सा. न.

फिल्म आज धुतली. आमच्याकडे गोचीडतापाच्या, रक्तात राहणाऱ्या जंतूच्या डीएनएचा एक तुकडा तयार करून ठेवलेला असतो. कळपातलं वासरू जसं आपल्याच आईला जाऊन बिलगतं, तसा तो फक्त आपल्या जातीच्याच डीएनएला चिकटतो. त्याला किरणं सोडणारं द्रव्य लावलेलं असतं, म्हणून जिथे जंतू असेल तिथे एक्स-रेच्या फिल्मवर काळा ठिपका उठतो. चंद्रीची जागा कोरी आहे. ठिपका ढवळीच्या नावाखाली आहे.

ढवळी आजारी नाही. लहानपणी कधीतरी गोचीडतापातून ती उठली असणार, पण जंतू तिच्या रक्तात राहिलाय. इतका थोडा की डॉक्टरांच्या काचपट्टीवर तो सापडायचा नाही. गोचिड्या तो तिच्याकडून घेतात, भिंतींच्या फटींत शिरतात, कात टाकून मोठ्या होतात आणि पुढच्या जनावराला लागतात. देशी गाय सोसते, जर्सीच्या संकराला ते सोसत नाही. गंगी अशीच गेली.

चंद्री अंगणात आहे हे आपलं नशीब. ऊन लागलं तर गोणपाट भिजवून टाक, पण तिला गोठ्यात नेऊ नकोस. तुझ्या पाया पडतो, अक्का.

माझ्यावरचा लोभ सध्या सगळा चंद्रीकडे वळव.

तुझा
भाईदास

*

भडगाव,
१४ जून १९९०

चि. भाईदास यास, अ. उ. आ.

चंद्रीला गोठ्यात आणल्याचं माझं पत्र तुला मिळालं असेल, आणि तू काय समजायचं ते समजला असशील. तुझं पत्र आलं तेव्हा आधी मी तुझ्यावर चिडले. आईच्या गाईला नाव ठेवतोस म्हणून. मग चंद्रीचा कान उलटा करून पाहिला. आत टपोऱ्या गोचिड्या होत्या. त्याच दुपारी दोघींना बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. चंद्रीनं चारा सोडलाय. कानाखाली गाठ आलीय, अंग तव्यासारखं तापलंय. कालपासून छबीलाही ताप आहे.

माझ्याच हातानं मी तिला तिथे नेलं रे. वर झूल घालून नेलं.

डॉक्टर म्हणतात, या रोगावर नवं इंजेक्शन निघालंय, पण धुळ्यापर्यंत कुठल्याच दुकानात नाही. तू कुठूनही मिळव. दाजी भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मला आता कुणीच राहिलं नाही, तुझ्याशिवाय.

अक्का

*

बंगळूर,
२० जून १९९०

ती. अक्कास, शि. सा. न.

सगळं शहर पालथं घातलं, एकच बाटली मिळाली. आमच्या प्रयोगशाळेतला रुपचंद जळगावला निघालाय, हे पत्र नि बाटली त्याच्याच हाती देतोय. औषध एका मोठ्या गाईपुरतं आहे. दोघींत वाटलंस तर चंद्रीला ते अपुरं पडेल, म्हणजे तिचा वाटा वायाच जाईल. जी वाचण्यासारखी दिसेल तिला दे. असलं पत्र बहिणीला लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. मला माफ कर.

भाईदास

*

भडगाव,
४ जुलै १९९०

चि. भाईदास यास, अ. उ. आ.

चंद्री गेली. बाटली आली तोवर तिच्या डोळ्यांतली लाली जाऊन डोळे पांढरेफटक झाले होते. तरी तिनं माझा हात चाटला. डॉक्टर सुई भरून विचारत होते, कुणाला. मी छबीकडे बोट दाखवलं. चंद्री बघत होती. ते बोट तोडून टाकावंसं वाटतं, भाईदास.

छबी उठली. आता चारा खाते. तिचे थेंब पाठवतेय. डेअरीत घालायला दूध नाही, म्हणून मी लोकांच्या कपाशीत निंदायला जाते. सगळे सांगतात, ढवळीला बाजार दाखव. तू सांगशील ते करीन. पण आधी आईला आठव आणि मग सांग.

अक्का

*

बंगळूर,
३० जुलै १९९०

ती. अक्कास, शि. सा. न.

छबीच्या नावाखाली ठिपका उठलाय. घाबरू नकोस. आता तो तिला मारायचा नाही. ती त्यातून उठली, ढवळीसारखीच झाली. दोघींना खुशाल शेजारी बांध. ढवळीला विकू नकोस, तिचा काय दोष? फक्त भिंतींच्या फटी लिंपून घे, गोचिड्या वेचून जाळ, आणि नवी संकरित गाय या दोघींजवळ बांधू नकोस. वरून कितीही धट्टीकट्टी दिसली तरी छबी आता दुसऱ्या जर्सीला मरण देऊ शकते.

इथे सगळे माझी पाठ थोपटतात, निकाल फार स्वच्छ आला म्हणतात. मी मान खाली घालतो. चंद्रीची ती कोरी जागा अजून माझ्या टेबलावर आहे.

पोळ्याला येता येत नाही. रागावलीस तरी चालेल, पत्र थांबवू नकोस.

तुझा
भाईदास

*

भडगाव,
२४ ऑगस्ट १९९०

चि. भाईदास यास, अ. उ. आ.

पोळा झाला. ढवळीला आणि छबीला न्हाऊ घातलं. झूल जाळली. आईची शिवण होती, जळताना बघवेना. छबीच्या कपाळाला तीट लावली. दाजींना हसू आलं, म्हणाले, आत आहे तो ठिपका पुरेना का?

परवा असोद्याहून भागाबाई नावाची बाई आली होती. नवरा नाही, घरी दोन जर्सी गाई, त्यांच्यावरच सगळा संसार. छबी तिला फार आवडली. मागीन ते द्यायला तयार होती. दाजी खाटेवरून मला खुणा करत होते, देऊन टाक. घरात काय आहे ते मलाच ठाऊक. पण मी तिला खरं सांगितलं, हिच्या रक्तात ते आहे, तुझ्या गाई जातील. तिनं छबीचे डोळे पाहिले, कान उलटे केले, पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, मला विकायची नाही म्हणून बहाणे करतेय. चहालाही थांबली नाही.

आज कळलं, जाताना तिनं बाजारातून दुसरी कालवड नेली. बघणारे सांगतात, छबीपेक्षाही देखणी, अंगानं तुकतुकीत.

भाईदास, तिचं रक्त कुणी पाहिलंय?

तुझी
अक्का